डेड किलोमीटर

नूतन मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं,
"सिंधूताई, शब्द समजले ना सगळे?"
मी मान हलवली.
बावीस वर्षं स्वारगेट-हडपसर कंडक्टर होते,
मान कधी हलवायची ते कळतं.

घरी येऊन जुन्या वे-बिलाच्या कोऱ्या बाजूवर
ऐकलं तसं उतरवलं.
फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसाला घट्टे पडलेत.
हे कळलं. पंच दाबून दाबून
माझ्या अंगठ्याखाली आहे, तसलंच.
सॅच्युरेशन: बोटाला चिमटा लावला की आकडा येतो.
पंच्याऐंशी.
हर्षाली म्हणाली, फार कमी आहे गं आई.
मला दहावीला बेचाळीस टक्के होते,
मला वाटलं, बरेच की.

वेटिंग लिस्ट ही रांग नाही.
हे पचायला वेळ लागला.
मी रांगेत घुसणाऱ्यांच्या कॉलरी धरलेली बाई.
इथे रक्तगट बघतात, छातीचं माप बघतात,
कोण किती लवकर संपेल तेही बघतात,
मागचा पुढे जातो
आणि त्याचा राग धरायचा नसतो.
बोपोडीचे तांबोळी माझ्या आधीपासून यादीत.
एका मंगळवारी त्यांची खुर्ची रिकामी.
फोन आला वाटतं त्यांना? मी विचारलं.
नूतन मॅडम कुठलीशी फाईल शोधायला लागल्या.

आमचा फोन रात्री दोनला.
काही खाऊ नका, निघा.
भाच्याच्या टेम्पोत सिलिंडर मांडीशी धरून
फातिमानगर, पूलगेट, सगळे स्टॉप झोपलेले.
अंघोळ, सह्या, हातात सुई.
पहाटे पाचला सर्जन आले, टोपी हातात.
त्या फुप्फुसात पाणी होतं, घेता येणार नाही.
याला ड्राय रन म्हणतात, म्हणाले.
पाणी होतं म्हणून ड्राय!
मला हसू फुटलं, हसण्याचा खोकला झाला,
सिस्टर धावत आली.

आमच्यात याला डेड किलोमीटर म्हणतात.
डेपोतून पहिल्या स्टॉपपर्यंत गाडी रिकामी जाते.
डिझेल जळतं, तिकीट एक नाही,
पण लिहावे लागतात.
त्यांच्याशिवाय पहिला स्टॉप येत नाही.

ग्रीन कॉरिडॉर म्हणजे सगळे सिग्नल हिरवे.
मगरपट्ट्याला पावणेदोन तास अडकलेली मी,
म्हटलं, हे एकदा डोळ्यांनी बघायचंय.
मॅडम म्हणाल्या, तेव्हा तुम्ही टेबलावर झोपलेल्या असाल.

इस्केमिक टाइम: तिकडून काढल्यापासून इकडे जोडेपर्यंत,
बिनरक्ताचे तास. थोडेच असतात.
ट्रफ लेव्हल: रक्त आधी, सकाळची गोळी नंतर.
हे नीट लिहून ठेवा. मी एकदा उलटं केलं
आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई.
रिजेक्शन: अंग नव्याला ओळखत नाही, म्हणून भांडतं.
भांडण मिटत नाही. दाबून ठेवायचं,
सकाळी आठ, रात्री आठ, जन्मभर.

ब्रेन डेड.
यापुढे मी काही लिहिलेलं नाही.
छाती हलत असते, मशीन हलवत असतं,
हात गरम लागतो आईला.
मॅडम सांगत होत्या, मी पेनाचं टोपण लावलं.

दिवसाला आठशे वेळा एकच विचारलं मी आयुष्यभर:
कुठून बसलात? कुठे उतरणार?
या एकाला विचारायचं नाही.
नाव नाही, गाव नाही.
नियम आहे, आणि बरोबर आहे म्हणतात.
रात्री कुशीवर वळले की
आत कुणीतरी जागा करून बसल्यासारखं वाटतं,
तिकीट न काढता.

परवा सहा मिनिटं चालवलं, वॉर्डाबाहेरच्या बोळात.
हर्षाली मीटर मोजत होती.
शेवटच्या फेरीला दारात घोळका,
कुणाचे तरी नातेवाईक, पिशव्या, थर्मास.
तोंडातून आपसूक गेलं:
"पुढे सरका, पुढे जागा आहे!"

तीन वर्षांत कुजबुजीपलीकडे आवाज नव्हता.
इतका मोठा निघाला
की मीच मागे वळून बघितलं,
कोण ओरडलं.